खडू वर गेला की त्वरण शून्य होतं का? चाल, वेग आणि त्वरणातल्या या चुका टाळा

नववी ते बारावीच्या वह्या तपासून तपासून आता अशी वेळ आलीय की वही उघडायच्या आधीच कळतं, लाल शाई कुठं लागणार. दरवर्षी मुलं नवी आणि चुका त्याच.

पहिल्या चुकीचा दोष मी मुलांना देत नाही. रस्त्यावर पाटी असते, ‘वेगमर्यादा ताशी ४० किमी’. गाडीचा काटा दाखवतो ती खरं तर चाल. तुम्ही पूर्वेला निघालात की पश्चिमेला, त्याला सोयरसुतक नाही. वेगाला मात्र दिशा लागतेच. म्हणजे पाटीवर ‘चालमर्यादा’ हवं, पण तसं लिहिलं तर लोक हसतील. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: दाराबाहेर चपला काढता तसा रोजच्या बोलण्यातला ‘वेग’ही बाहेरच काढून ठेवायचा. ४०० मीटरच्या मैदानाला ८० सेकंदांत एक फेरी मारलीत, तर सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर आणि सरासरी वेग शून्य. ‘एवढं पळून शून्य?’ असं कुणी विचारलं की मला बरं वाटतं. निदान ऐकतंय कुणीतरी.

आता ती चूक, जी मी स्वतः केलीय. बारावीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी टेबलावरचा खडू उचलला, सरळ वर फेकला आणि झेलला. ‘अगदी वर असताना त्वरण किती?’ मी छाती काढून म्हटलं, ‘शून्य, सर.’ ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मग खाली कशाला आला?’ गुण किती गेले ते आठवत नाही, कान तापले ते आठवतंय.

वेगही शून्य आणि त्वरणही शून्य म्हणजे वेग बदलायचं काही कारणच उरलं नाही. खडू तिथंच लटकून राहायला हवा होता! तेव्हापासून मी सूत्राआधी फळ्यावर आकडे मांडतो. खडूच्या प्रवासातली फक्त वरची वीतभर जागा घ्यायची आणि दर ०.१ सेकंदाला वेग लिहायचा, वरची दिशा धन धरून: १.९६, ०.९८, ०, −०.९८, −१.९६. आता शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढा. प्रत्येक वेळी −०.९८, शून्याच्या अलीकडेही आणि पलीकडेही. ०.१ सेकंदात एवढा, तर सेकंदाला −९.८. हेच त्वरण, आणि ते वरच्या टोकाला क्षणभरही सुट्टीवर जात नाही. वेग म्हणजे खिशात आत्ता किती आहेत, त्वरण म्हणजे दर सेकंदाला किती येतायत किंवा जातायत. खिसा रिकामा असला म्हणून येणं-जाणं थांबत नाही.

हीच रांग आणखी एका चुकीवर चालते. ‘त्वरण ऋण म्हणजे वस्तू मंदावतेय’ हे मुलं नववीपासून घोकून आलेली असतात. शेवटचे दोन आकडे बघा. त्वरण ऋणच आहे, तरी खडूची चाल वाढतेय. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, उलट असतील तर घटते. मी गणित सुरू करण्याआधी कोपऱ्यात एक बाण काढून त्यावर ‘धन’ लिहितो. तीन सेकंदांचं काम, पण घाई असलेल्यांना तेवढाही वेळ नसतो.

जाताना काटा ६० ला, येताना ३० ला, म्हणून सरासरी चाल ४५? नाही. ६० किमी जायला १ तास, यायला २. एकूण १२० किमी, ३ तास, म्हणजे ताशी ४०. चालींची सरासरी काढायची नसते, एकूण अंतराला एकूण वेळेनं भागायचं असतं.

ताशी ७२ किमीचे मीटर करताना १८/५ नं गुणून सेकंदाला २५९ मीटर आणणारे दरवर्षी भेटतात. उत्तर २० आहे. २५९ म्हणजे जवळपास विमान झालं, एवढं तरी खटकावं.

जास्त वेग म्हणजे जास्त त्वरण, हेही नाही. सरळ रुळांवरून एकसारखी ताशी ११० नं धावणारी एक्सप्रेस: त्वरण शून्य. दादरहून आत्ता कुठं हललेली लोकल: भरपूर.

‘एस इज इक्वल टू यू टी प्लस हाफ ए टी स्क्वेअर’ हे अंतराचं सूत्र पोरं आरतीसारखं म्हणतात. त्वरण एकसारखं असेल तरच ते चालतं, हे अर्धा मिनिटाच्या ‘ट्रिक’ व्हिडिओत कुणी सांगत नाही. घाई करून भल्याभल्यांचं चुकलंय. पडणाऱ्या वस्तूची चाल पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, असं गॅलिलिओनं १६०४ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. ती काळाच्या प्रमाणात वाढते, हे त्यानं १६३८ मध्ये छापलं. आपल्याला मात्र प्रकरण रविवारी संपवायचं असतं.

राहिलं वळण. ‘चाल बदलली नाही, म्हणजे त्वरण नाही’ हे वाक्य मला एका विद्यार्थ्यानं साताऱ्याहून परतताना बसमध्येच ऐकवलं. बोगदा संपून खंबाटकीचं ते एस आकाराचं वळण येत होतं. मी म्हटलं, काट्याकडे बघत उभा राहा. चालकानं काटा हलू दिला नाही, आणि हा चिवड्याच्या पुडीसकट शेजारच्याच्या मांडीवर. हिशोबाला ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरा आणि वळणाची त्रिज्या ५० मीटर. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २: गुरुत्व त्वरणाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, तोही आडवा. चाल तीच होती, दिशा बदलत होती, म्हणून वेग बदलत होता.

पुढचं वळण उलट बाजूला होतं. त्यानं काहीही न विचारता आधीच वरची दांडी धरली.