डबा परत आला की आधी उघडून बघा

मुलांनी शाळेत पौष्टिक खावं असं वाटत असेल तर सुरुवात सकाळी डबा भरताना नको, संध्याकाळी तो परत आल्यावर करा. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत रोज मुलांसोबत बसते. पालक म्हणतात "आमचा फळं खातच नाही", पण बऱ्याचदा फळ आवडत नाही असं नसतंच, अडचण भलतीच असते.

माझ्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती, रोज अख्खं सफरचंद आणायची आणि रोज ते तसंच घरी जायचं. एकदा शेजारी बसून पाहिलं तर तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले, चावा घेणार कशाने? बिचारी कडेच्या दातांनी कुरतडायची, सालीवर दोन ओरखडे उठायचे की ठेवून द्यायची. आईला म्हटलं फोडी करून द्या, लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढल्या की काळ्याही पडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी डबा रिकामा! सहा ते आठ या वयात पुढचे दात पडत असतात, त्यामुळे गाजर असो की पेरू, पातळ आणि छोटे तुकडेच द्या.

तर डबा परत आला की धुवायला टाकायच्या आधी दोन मिनिटं नीट बघा. काहीच खाल्लेलं नाही की अर्धं खाल्लंय? अर्धं खाल्लं असेल तर बहुतेक वेळ पुरला नाही, कारण हात धुणं, जागा शोधणं, गप्पा यातच मधली सुट्टी निम्मी जाते. एखादा कप्पा उघडलेलाच नसेल तर झाकण मुलाला उघडतं का ते घरी त्याच्याच हाताने करून बघा, घट्ट झाकणापायी दही तसंच परत नेणारी मुलं मी कितीतरी पाहिलीत, सगळ्यांसमोर मदत मागायला लाजतात हो. काकडी लिबलिबीत झाली असेल तर ती वेगळ्या कोरड्या डबीत द्या आणि मीठ आधी लावू नका, मिठाने पाणी सुटतं.

आणि उरलं म्हणून ओरडू नका. ओरडलं की मुलं उरलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि घरी रिकामा डबा दाखवतात, मग तुम्हाला कळणार कसं? "उरलं तर घरी आण, मी रागावणार नाही" हे एकदा सांगा आणि पाळा.

नवीन भाजी थेट डब्यात नको. नवीन चवीला बिचकणं या वयात अगदी नॉर्मल आहे, एखादा पदार्थ 8-10 वेळा, कधी 15 वेळाही समोर यावा लागतो तेव्हा कुठे मूल तो आपलासा करतं, आणि आपण दोन-तीनदा देऊन सोडून देतो. हे सगळं घरी होऊ द्या, सगळे एकत्र जेवताना, तुम्ही स्वतः तेच खाताना. मग डब्यात ओळखीच्या पदार्थाशेजारी एक-दोन घास ठेवा, बास.

आदल्या रात्री मुलालाच विचारा, पण "उद्या काय देऊ?" असं नको, त्याचं उत्तर चिप्सच येणार. "गाजर की काकडी? केळं की संत्रं?" असं विचारा, म्हणजे दोन्ही पर्याय तुमचेच पण निवड त्याची. मटार सोलणं, फोडी डबीत भरणं हेही त्यालाच करू द्या, स्वतः भरलेलं मुलं कौतुकाने मित्रांना दाखवतात आणि खातातही.

"भाजी संपव मग चॉकलेट देते" हे मात्र कृपा करून बंद करा. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस. डब्यात काय द्यायचं ते आपण ठरवायचं, त्यातलं किती खायचं ते त्याला ठरवू द्या.

प्रमाणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशीत 6 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 350 ग्रॅम भाज्या-फळं सांगितलीत. एक मध्यम केळं सोलून साधारण 100 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे डब्यात एक फळ आणि मूठभर भाजी गेली तरी दिवसाचा चांगला वाटा झाला, उरलेलं घरी. पोट भरेल असं धान्याचं काहीतरी आणि सोबत अंडं, दही किंवा कडधान्य असू द्या, नाहीतर मुलाला लवकरच पुन्हा भूक लागते. प्यायला पाणीच द्या. ज्यूस फळाचाच असला तरी त्यातली साखर फळाच्या गरातून मोकळी झालेली असते आणि चोथा गेलेला असतो, त्यापेक्षा अख्खं फळ कधीही चांगलं.

सुकामेवा द्यायच्या आधी शाळेला विचारा, मुलं डबे वाटून खातात आणि कुणाला ॲलर्जी असू शकते. दही, अंडं असं लवकर खराब होणारं दोन तासांपेक्षा जास्त, कडक उन्हाळ्यात तर तासापेक्षा जास्त, बाहेर राहणार असेल तर सोबत बर्फाचा पॅक ठेवा.

शाळेत कुणी ऐकणारं असेल तर दोन गोष्टी नक्की सुचवा. एक, आधी खेळ आणि मग जेवण, कारण जेवण आधी असलं की मुलांचं अर्धं लक्ष मैदानाकडे असतं, चार घास कोंबून पळतात. दुसरं, शिक्षकांनी मुलांसोबत बसून खावं. मी माझ्या डब्यातलं बीट खात होते तेव्हा "टीचर, तुमची जीभ लाल झालीय" म्हणून सगळा वर्ग जमला, प्रत्येकाला आपली जीभ लाल करायची होती, आणि त्या आठवड्यात चार डब्यांत बीट आलं.