सेकंडहँड कन्सोल घ्यायलात? ड्राइव्हचं बोर्ड आधी बघा

लातुरात पुतण्यासाठी जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) घेतला, दोन महिन्यात डिस्क ओढेना म्हणून एका दुकानात दिला तर त्यानं दुसऱ्या पीएस४ चा अख्खा ड्राइव्ह (डिस्क वाचणारा भाग) काढून बसवला, तरी डिस्क वाचेना, आणि आमचं मूळचं बोर्ड तोवर भंगारात गेलेलं. पोरगं लई रडलं. म्हणून हे लिहायलो.

तर भाऊ, पीएस३, एक्सबॉक्स ३६०, एक्सबॉक्स वन आणि सुरुवातीचे पीएस४ (सीयूएच-१००० आणि ११००) यांच्यात ड्राइव्हचं बोर्ड अन् मदरबोर्ड (कन्सोलचं मुख्य बोर्ड) यांची कारखान्यातच जोडी लावलेली असते. दोघांच्या आतली गुप्त डिजिटल चावी जुळली तरच डिस्क चालते. काहून असं केलं? ३६० च्या ड्राइव्हचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलून लोक कॉपी केलेली डिस्क ओरिजनल आहे असं कन्सोलला सांगायचे, म्हणजे ड्राइव्हवर नुसता भरवसा ठेवून भागत नाही.

म्हणून दुरुस्तीला देताना आधीच सांगा, लेन्स बदल, मोटर बदल, पाहिजे तर पूर्ण मेकॅनिझम बदल, पण हिरवं बोर्ड आमचंच राहू दे. पीएस५ स्लिमचा (२०२३) ड्राइव्ह काढता-घालता येतो, पण बसवल्यावर एकदा इंटरनेटवरून जोडावा लागतो, तेव्हा वायफाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू ठेवा.

घेताना काय करायचं, तर घरून एक ओरिजनल डिस्क न्या, विकणाऱ्यासमोरच टाका, पाच-दहा मिनिटं गेम खेळून बघा, मग नेट जोडून स्वतःच्या अकाउंटनं लॉगिन करा. हे टाळू नका बगा, कारण बॅन (कंपनीनं ऑनलाइन घातलेली बंदी) कन्सोलवरच लागलेला असला तर तो कन्सोलच्या ओळखीवर असतो, फॅक्टरी रीसेट मारून जात नाही, अन् विकणारा तर "रीसेट करून देतो" एवढंच म्हणतो.

"अपडेट झालंय पण जुन्या व्हर्जनवर आणून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ३६० मध्ये अन् निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलमध्ये ठराविक अपडेटला चिपच्या आतले बारीक फ्यूज जळतात, जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही, आणि फ्यूज मोजून जुनं सॉफ्टवेअर कंपनीच्या सरळ मार्गानं सुरूच होत नाही. उलट २०१८ मध्ये स्विचच्या बूटरॉममध्ये (कन्सोल सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) चूक सापडली ती कोरलेल्या रॉममधली, विकून झालेल्या कन्सोलमध्ये अपडेटनं दुरुस्त होण्यासारखी नव्हती, नंतर बनलेल्या कन्सोलमध्येच ती कारखान्यात दुरुस्त करता आली. सिलिकॉनमध्ये गेलेलं दोन्ही बाजूंनी पक्कं असतं.

पीएस४ बरेच वर्षं माळ्यावर पडलेला असला तर आतला घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल पण बदलून घ्या, आणि सॉफ्टवेअर ९.०० च्या आधीचं असेल तर अपडेट करा, त्याआधी सेल मेला अन् नेट नसलं की गेम अडायचे.

अन् कन्सोल उघडायच्या आधी बोर्डाचा फोटो काढा, सिरियल नंबर लिहून ठेवा, आणि निघालेला प्रत्येक पार्ट दुकानातून परत मागून घ्या, खराब झालेला असला तरी.