फॉरेक्सच्या नादात पडण्याआधी या चुका टाळा

जळगावात मी कर सल्लागार म्हणून काम करतो. केळीचा, कापसाचा पैसा हातात आला की थोड्याच दिवसांत फॉरेक्समध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांत, पैसे अडकलेलं कुणीतरी मोबाइल घेऊन समोर बसतं. "नाना, डॉलर-युरोत टाकले होते, आता निघत नाहीत."

सगळ्यात जुनी चूक म्हणजे अ‍ॅप चालतंय तर ते कायदेशीरच असणार, असं धरून चालणं. फोनवरचा माणूस गोड मराठी बोलतो, कुठल्यातरी बेटावरचा परवाना दाखवतो. तो इथे चालत नाही. आपल्याकडे परकीय चलनाच्या व्यवहारांसाठी 1999 चा फेमा कायदा आहे. व्यवहार अधिकृत बँकेकडे, रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करायचा. रिझर्व्ह बँक 2022 पासून परवानगी नसलेल्यांची सावधगिरीची यादी काढते. त्यात नाव नाही म्हणून पैसे टाकणारे मला रोज भेटतात. ती यादी पूर्ण नाही, हे बँकच सांगते. मी परवानगी असलेल्यांची यादी उघडतो आणि नाव तिथे शोधतो.

दुसरी चूक रावेरकडच्या एका पोराने केली. वडिलांचे केळीचे साडेतीन लाख त्याने 'गुंतवले'. मी पासबुक पाहिलं, तर पैसे एकदा कापड दुकानाच्या खात्यात, एकदा ट्रान्सपोर्टवाल्याच्या, एकदा कुणा बाईच्या बचत खात्यात गेलेले. सुरुवातीला आठ हजार नफा म्हणून परत आले, त्यावरच तो भुलला. पुढे अ‍ॅपवर अकरा लाख दिसू लागले. काढायला गेला तर म्हणे आधी तीस टक्के कर भरा. अरे, कर सरकारला भरायचा असतो, दलालाला नाही! तोवर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी त्याचं खातं गोठवलं होतं, कारण ते आठ हजार दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले निघाले. केळीची कटाई झालेली, मजूर दारात, आणि एटीएममधून शंभर रुपये निघेनात. वडील माझ्या बाकावर बसून टोपी नुसती हातात फिरवत होते.

तेव्हापासून मी पैसे घेणाऱ्याचं नाव समोरच्याला मोठ्याने वाचायला लावतो. नाव दलालाचं नसेल तर एक रुपया पाठवू देत नाही. पाठवून झाले असतील तर त्याच तासाला 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर देशाबाहेर पाठवता येतात, पण परदेशी दलालाच्या मार्जिनसाठी, म्हणजे सौद्याच्या अनामतीसाठी, नाही. बँकेच्या फॉर्मवर खोटं कारण लिहू नका. फेमात दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

आणि एनएसईवर घेतलं की सगळं मोकळं, हेही खरं नाही. तिथे डॉलरचा लॉट, म्हणजे लहानात लहान सौदा, 1000 डॉलरचा. डॉलर-रुपया अशा रुपयाच्या जोड्यांमध्ये सौदा करायचा तर तुमचं खरंखुरं परकीय चलनातलं येणं किंवा देणं असावं लागतं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद मागत नाहीत, म्हणून घाई करणाऱ्यांना ती अटच नाही असं वाटतं. आखातात केळी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ही सोय चांगली आहे. डॉलर पडला तरी त्याचा भाव बांधलेला राहतो. म्हणून कुणीही आलं तरी मी आधी निर्यातीचं बिल मागतो. बिल नसेल तर मी ते काम हातात घेत नाही.