मोंबासाला ट्रेनिंगसाठी निघायच्या आधी काय काय करायचं

जय ख्रिस्त सगळ्यांना. ऑगस्टमध्ये आपण पाच जण केनियाला, मोंबासाजवळ रबईच्या भागात गावोगावच्या मंडळ्या सांभाळणाऱ्या लोकांच्या ट्रेनिंगला जातोय, तर तयारीचं सगळं एकदाच लिहून टाकतो. नीट वाचा आणि आपल्या वाट्याचं काम आजच सुरू करा.

कागदांचं आधी उरकू. पासपोर्ट तिथे पोचल्यापासून निदान सहा महिने चालणारा पाहिजे. 2024 पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढतात, त्यात जायचं कारण खरं तेच लिहायचं, फिरायला चाललोय असं लिहून मोकळं व्हायचं नाही, तिथल्या चर्चचं निमंत्रणपत्र जोडायचं आणि अजून काही परवानगी लागते का ते त्यांनाच विचारून घ्यायचं. यलो फीवरची लस अधिकृत सेंटरवरच मिळते, ती निघायच्या किमान 10 दिवस आधी झालेली हवी आणि लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवायचं, कारण ते नसलं तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करायच्या आणि मधे सोडायच्या नाहीत. जर्मन मिशनरी योहान क्राफ 1844 मध्ये मोंबासाला पोचले आणि थोड्याच दिवसांत त्यांची बायको आणि तान्ही मुलगी दोघी तापाने गेल्या, त्यामुळे मच्छरदाणी कुणीही विसरू नका. सामान पॉलिथिनच्या पिशव्यांत भरू नका, तिथे 2017 पासून बंदी आहे, कापडी पिशव्या घ्या. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, अडाप्टर इथूनच घ्या.

आता खरं काम. आपल्यातल्या नाशिककरांनी जायच्या आधी एक संध्याकाळ नाशिकच्या शरणपूरसाठी, म्हणजे जुन्या मिशनच्या वस्तीसाठी, काढायची आणि बाकीच्यांनाही न्यायचं. लहानपणी गुलाम म्हणून विकलेली, समुद्रात इंग्रजांच्या जहाजांनी सोडवून मुंबईला आणलेली आफ्रिकन मुलं याच शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, कुणी सुतार झालं कुणी लोहार. त्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड 1864 मध्ये रबईला गेले. शरणपूरचं काम बघणारे प्राइस साहेब पुढे मोंबासाला गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाऊन वसवलं, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअरचं नाव. म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मंडळीच्या पायाभरणीत आपल्या गावात वाढलेली माणसं आहेत. पण एक गोष्ट मला फार लागते. जोन्स आणि सेमलर यांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली 1885 मध्ये. म्हणजे वीस वर्षं तीच माणसं शिकवत होती, उपासना चालवत होती, आजाऱ्यांकडे जात होती, आणि तरी मदतनीसच. त्याच वर्षी तिकडचे बिशप हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारले गेले तेव्हा मागे राहिलेला काफिला किनाऱ्यापर्यंत परत आणला तो जोन्सनेच.

म्हणून पहिल्या दिवशी आपल्यातल्या कुणीही पाठ घ्यायचा नाही. हे मी अगदी मनापासून सांगतोय, वाईट वाटून घेऊ नका. आपले पाठ जूनमध्येच तिथल्या पाळकांना पाठवायचे, त्यांना काय कापायचं, काय बदलायचं ते बदलू द्यायचं, आणि शिकवायला उभं राहायचं त्यांनी. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलाय, त्याच्याशी आठवड्यातून एकदा फोनवर बोला, आणि पाठाबद्दल नाही तर त्याच्या मंडळीबद्दल विचारा. पौलाने तीमथ्याला सांगितलं तेही हेच ना, की ऐकलेलं विश्वासू माणसांकडे सोपव, म्हणजे ते पुढे दुसऱ्यांना शिकवतील.

मागच्या खेपेला मी इंग्रजी नोट्सचे 40 संच छापून नेले होते, लोकांनी आदराने घेतले आणि वाचले मात्र स्वाहिली बायबल. प्रार्थना तर रबई नाहीतर गिर्यामा भाषेत. या वेळी इंग्रजी कागद एकही नाही. 1952 ची स्वाहिली युनियन व्हर्जन बहुतेकांकडे असते, पाठातली वचनं तीवरूनच घ्यायची. आणि स्वाहिली शिका, आपल्याला वाटते तितकी परकी नाही, किताबु, कलामु, साबुनी, गारी, पेसा, चाय, चपाती, दुकानाला दुका, विम्याला बिमा. वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार म्हणून शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणतात. पाळकाला म्चुंगाजी, म्हणजे मेंढरं राखणारा, आपल्या पाळक शब्दाच्या किती जवळचं बघा. वेळ सांगताना मात्र जपा, तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, सा म्बिली म्हणजे दोन नाही, सकाळचे आठ, आणि सा नाने म्हणजे दुपारचे दोन. टाइमटेबल स्वाहिलीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

विषयही त्यांनीच दिलेत. एक मातांगा, म्हणजे मयताच्या घरी चालणारे दुःखाचे दिवस, मंडळीच्या वडिलांचा किती वेळ तिथे जातो, तिथे काय बोलायचं, कुठल्या रीती ठेवायच्या, कुठल्या नाही. यावर आपण शिकवायला जाऊच नका, ऐका, हवं तर आपल्याकडे मयताच्या घरी काय करतात ते सांगा. दुसरा हेसाबु, हो, आपला हिशोबच. अर्पणाची वही, दोन माणसांच्या सह्या, महिनाअखेरीला मंडळीसमोर वाचन. हे काम सुनीतामावशींनी घ्यायचं, बचतगटाचा हिशोब त्यांनी इतकी वर्षं सांभाळलाय. तिसरा मुसलमान शेजाऱ्यांबरोबर राहणं, किनाऱ्यावर ते रोजचंच आहे, आणि तिथल्या लोकांना याचा आपल्यापेक्षा जास्त अनुभव आहे. बायका लेकरं घेऊन येणार, सावलीची जागा आणि पोरांकडे बघायला कोणीतरी हवं, नाहीतर मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या, निम्म्या बाया दाराबाहेरच बसतील.

पैशाचं स्पष्ट बोलतो. कुणाच्या हातात वैयक्तिक रोख द्यायची नाही, एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, पाठवायचीही नाही, जे द्यायचं ते त्यांच्या कमिटीला, पावती घेऊन. मंडळ्या मक्याचं पीठ, नारळ घेऊन येतील, "असू द्या, आम्ही करतो" असं म्हणून थांबवू नका, खर्चातला त्यांचा वाटा त्यांनाच उचलू द्या. जेवण म्हणजे सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), पालेभाजी आणि नारळाच्या रसातली म्बाझी, ती आपली तूरच, कोकणातल्या माणसाला तर घरचंच वाटेल.

शेवटच्या दिवशी परत कधी येणार असं विचारतील. तारीख द्यायची नाही. महिन्याला कोण कुणाच्या गावी भेटणार ते त्यांनी त्याच दिवशी आपसात ठरवायचं, आपण ते फक्त वहीत लिहून घ्यायचं.

शनिवारी संध्याकाळी सहाला चर्चमागच्या हॉलमध्ये भेटू. लसीच्या कार्डाची झेरॉक्स आणा, आणि स्वतःची ओळख चार वाक्यांत स्वाहिलीत पाठ करून या, कागद न बघता.