पाठ न लागता हरलेली कुस्ती: महाराष्ट्र केसरीच्या वाटेला लागलेल्या पोरांसाठी

मी चौदा वर्षं तालमीत काढली. महाराष्ट्र केसरीच्या जिल्हा निवड चाचणीला चार वेळा उतरलो. तीन वेळा तिथूनच घरी परतलो. चौथ्यांदा निवड झाली आणि 2023 च्या जानेवारीत पुण्यात स्पर्धेच्या गादीवर, म्हणजे मॅटवर, उभा राहिलो. एक कुस्ती मारली, दुसरीत चितपट झालो. गदा फार लांब राहिली. तरी हे लिहितोय, कारण मधल्या वर्षांत माझं जे नुकसान झालं ते ताकदीनं किंवा नशिबानं झालं नाही. एका सवयीनं झालं, आणि ती सवय आज गावोगावच्या मैदानांवर फिरणाऱ्या शंभरातल्या नव्वद पोरांना आहे.

गट, वजनं, माती आणि गादीची वेगळी निवड, शेवटी दोन्हीकडच्या विजेत्यांची गदेसाठी कुस्ती, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. फक्त वजनाबद्दल एक सांगतो. केसरी गट 86 ते 125 किलोचा. मी भरायचो 89. समोर 118 चा, 122 चा गडी यायचा. माझं अंग 92 किलोच्या गटाचं होतं आणि त्या गटात मी राज्याचं पदक आणलं असतं, असं मला आजही वाटतं. पण गावाला, घरच्यांना आणि मला स्वतःला फक्त गदा दिसत होती. तालमीच्या भिंतीवर 1961 च्या दिनकर दह्यारींपासूनचे फोटो बघत मोठा झालेला पोरगा 92 किलोचं नाव काढतच नाही. तुम्ही काढा. वजन अंगात मुरू द्या. दोन वर्षं खालच्या गटात खेळून वर गेलात म्हणून कुणी तुम्हाला कमी समजत नाही.

आता मूळ गोष्ट.

सातवी झाल्यावर वडिलांनी मला कोल्हापुरात आणून सोडलं. पहाटे चारला उठायचं, हौदा, म्हणजे तालमीतली लढायची माती, उकरायचा, जोर, बैठका, सपाट्या, संध्याकाळी लढती. जेवण आपलं आपण करायचं, पाळी लावून. मोठा झालो तसा खुराक वाढला. दिवसाला तीन लिटर म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप, अंडी, आठवड्यातून दोनदा मटण. महिन्याला अठरा-वीस हजार लागायचे. घरची अडीच एकर, त्यातही पाणी बेताचं. नोकरी नाही, पुरस्कर्ता नाही. मग पैसा यायचा कुठून? मैदानातून.

पौषापासून वैशाखापर्यंत आमच्या भागात एक दिवस रिकामा जात नाही. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावचा उरूस. पोस्टरवर फोटो लागतो, जोड ठरते, हलगी कडाडते. मी अकरा हजाराच्या कुस्तीपासून एक्कावन्न हजारापर्यंत गेलो. एका हंगामात चाळीस-चाळीस कुस्त्या केल्या. त्या पैशावर माझा खुराक चालला आणि धाकट्या बहिणीची फी भरली. म्हणून मैदानाला मी नावं ठेवणार नाही.

पण मैदान तुम्हाला एक शिकवतं, हरायचं नाही. जिंकलं तर उत्तमच, पण पाठ लागू द्यायची नाही. पाठ लागली की पुढच्या वर्षी त्या गावात तुमची कुस्ती दोन नंबर खाली जाते. बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं निम्मं मिळतं आणि नाव शाबूत राहतं. त्यात कुस्ती अर्धा-अर्धा तास चालते. समोरचा रेटायला लागला की मी मागे सरायचो. अगदी कडेला, बसलेल्या लोकांच्या अंगावर जाईपर्यंत. पंच दंडाला धरून दोघांना पुन्हा मध्यभागी आणायचे. मागे सरण्याचा काही दंड नाही. उलट फायदाच. रेटणारा दमतो, पंधराव्या मिनिटाला त्याचे हात जड होतात आणि मग तो तुमचा असतो. माझी निम्मी मैदानं मी अशीच मारली. लोक म्हणायचे, गडी थंड डोक्याचा आहे.

2019 च्या निवड चाचणीला हाच थंड डोक्याचा गडी गादीवर उतरला.

पहिल्याच मिनिटात मी दुहेरी पट काढला, म्हणजे त्याचे दोन्ही पाय धरून त्याला खाली घेतलं. दोन गुण. मग समोरच्यानं माझ्या डाव्या काखेत हात घातला, कपाळ माझ्या छातीला लावलं आणि रेटायला सुरुवात केली. मी सवयीनं मागे. एक पाऊल, दुसरं, तिसरं. टाच कडेच्या रंगीत पट्ट्यावर आली, मग पट्ट्याच्या बाहेर. शिट्टी. त्याला एक गुण. मला काही वाटलं नाही. एकच तर गुण. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. काखेत हात, छातीला कपाळ, तीन पावलं, शिट्टी. 2-2.

इथं थांबून नीट समजून घ्या, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गादीचं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं असतं आणि त्यातला कडेचा 1 मीटर म्हणजे तो पट्टा. मधोमध उभं राहिलात तर तुमच्या टाचेपासून बाहेरपर्यंत साडेचार मीटर. रेटणाऱ्या गड्यापुढे ती सहा-सात पावलं आहेत. एक पाय पूर्ण बाहेर पडला की समोरच्याला गुण. त्यानं डाव मारायची गरज नाही, तुम्हाला खाली घ्यायची गरज नाही. आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या म्हणजे एकूण सहा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला समोरचा दमणार हा तुमचा हिशेब तिथं चालत नाही, कारण पंधरावं मिनिट येतच नाही.

याच्या आत दुसरा खड्डा आहे. 2-2 झाल्यावर मी मागे पडलोय असं मला वाटलं, कारण शेवटचा गुण त्याचा होता. खरं तर मी पुढे होतो. गुण समान असले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा ते बघतात. माझा दोनाचा पट होता, त्याचे एक-एक. मग कुणाला ताकिदी कमी ते बघतात. तेही सारखं असेल तरच शेवटचा गुण कुणाचा हे बघतात. मला मधोमध उभं राहून, हात आत ठेवून, लढतं राहायचं होतं. वेळ आपोआप संपली असती. त्याऐवजी मी घाबरून एकेरी पटाला घुसलो, पट अर्धवट राहिला, त्यानं मला तसंच उचलून कडेला नेलं. बारा सेकंद बाकी असताना 3-2.

बाहेर आलो तर वस्ताद फेटा गुडघ्यावर ठेवून बसलेले. म्हणाले, "पाठ लागली का रे तुझी?"

म्हटलं, "नाही वस्ताद."

"मग हरलास कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडेही नव्हतं. सत्तर वर्षांचा तो माणूस खरंच विचारत होता. त्यांच्या हयातीत कुस्ती म्हणजे कुणीतरी अस्मान बघणार किंवा पंच बरोबरीत सोडवणार. तिसरं काही नव्हतं.

मग कोरोना आला. दोन वर्षं ना जत्रा, ना निवड. मी ऊस तोडला, म्हशी राखल्या, शेतात एकट्यानं जोर मारले. 2022 च्या एप्रिलात साताऱ्याला स्पर्धा होणार म्हणून पुन्हा चाचणी झाली आणि मी पुन्हा तसाच हरलो, या वेळी चार गुण नुसते बाहेर जाण्याचे. डोक्याला कळलं होतं, पायांना कळलं नव्हतं. म्हणून म्हणतो, हे वाचून "हो, समजलं" म्हणू नका. पायांना समजायला महिने लागतात.

माझे पाय सुधारले ते पुण्यात. चुलतभावाच्या ओळखीनं आठ महिने एका केंद्रात गादीवर सराव मिळाला. तिथल्या कोचनी मला पहिला महिना एकही नवा डाव शिकवला नाही. रोज मला पट्ट्याला टाचा लावून उभं करायचे आणि माझ्याहून वीस किलो जड पोराला म्हणायचे, काढ याला बाहेर. तीस सेकंद. मग श्वास. मग पुन्हा. रोज दहा वेळा. पहिल्या आठवड्यात मी निम्म्या वेळा बाहेरच. हळूहळू कळलं की पाय मागे न्यायचाच नाही, आडवा न्यायचा. रेटणाऱ्याची सगळी ताकद सरळ पुढे असते. तुम्ही बाजू काढली की तोच पट्ट्यावर जातो. दुसरं म्हणजे काखेत हात येऊ देण्याआधी आपला हात आत पाहिजे आणि कंबर त्याच्यापेक्षा खाली. आणि तिसरं, मला सगळ्यात आवडलेलं: अंगावर रेटत येणारा माणूस आपला तोल आपण होऊन तुमच्या हातात देत असतो. अशा वेळी ढाक, म्हणजे समोरच्याला फेकायचा डाव, मी मातीत कधी मारली नव्हती इतकी साफ बसते. पुढच्या निवडीत उपांत्य कुस्ती मी याच डावावर घेतली. चार गुण, आणि तेही कडेवर.

यासाठी लाखाची गादी लागत नाही. हौद्यात फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, रेघ मारा. नऊ मीटरचं वर्तुळ आखा आणि रोजच्या लढतीतल्या निदान दोन लढती त्या रेघेच्या नियमानं खेळा. एवढं जरी केलं तरी तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षं पुढे असाल.

म्हणजे मैदानं सोडायची का? नाही. ज्याच्या घरी पैसा नाही त्यानं मैदानं सोडली तर खुराक बंद होईल. पण निवड चाचणीच्या आधीचे तीन महिने एकही मैदान घेऊ नका. मोठी जोड आली, कितीही आकडा आला, तरी नाही म्हणा. मी ते कधीच म्हणू शकलो नाही. आणि इनाम किती, बरोबरीला किती, जाण्यायेण्याचं काय, हे जोड ठरतानाच चार माणसांदेखत बोलून घ्या. एका गावात मला लाऊडस्पीकरवर एकतीस हजार पुकारले आणि पाकिटात बारा निघाले. रात्री अकरा वाजता कुणाशी भांडणार?

नुरा कुस्ती करू नका. मी एकदा केली. आधी ठरवून बरोबरीत सोडवायची, चार हजार जास्त मिळणार होते. हलगी वाजत होती, म्हातारी माणसं मांडीवर नातवंडं घेऊन बघत होती आणि आम्ही दोघं नुसते एकमेकांचे हात धरून फिरत होतो. वस्तादांना दुसऱ्या दिवशी कळलं. पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते पैसे मी कशावर खर्च केले ते आठवत नाही, ते पंधरा दिवस आठवतात.

इंजेक्शनं आणि पावडरच्या डब्यांबद्दल माझं मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. "तीन महिन्यांत दहा किलो" म्हणणारा माणूस तालमीच्या दारात दिसला तर त्याला हाकला. माझ्याबरोबरचा एक पोरगा आज सत्ताविसाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या दवाखान्यात चकरा मारतोय. दूध, बदाम, झोप आणि वेळ, याला पर्याय मला तरी सापडला नाही. मोबाईलवर बघून डाव शिकणाऱ्यांनाही एकच सांगतो: बघा, पण त्याच संध्याकाळी हौद्यात कुणाच्या तरी अंगावर करून बघा, नाहीतर तो डाव डोळ्यातच राहतो.

वस्ताद बदलत फिरू नका. हे मी माझ्या वस्तादांना गादी कळली नाही असं लिहून झाल्यावरही म्हणतोय. मला पकड त्यांनी दिली, मान त्यांनी घडवली, हरल्यावर तालमीत परत यायची हिंमत त्यांनी दिली. गादीसाठी पुण्याला जातो म्हणालो तेव्हा मला वाटलं चिडतील. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून हातावर ठेवली आणि म्हणाले, "शिकून ये, मग मला पण दाखव." ज्याचा वस्ताद असं म्हणत नाही, त्यानं जरूर विचार करावा. आपला पठ्ठा दुसरीकडे गेला तर आपला मान जातो असं समजणारे वस्ताद पोरांची वर्षं खातात.

शिक्षण सोडू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी पोलीस खात्यात डीवायएसपी झाले. पण पदवी नसेल तर पदक असूनही दार अर्धंच उघडतं. मी बारावीनंतर सोडलं, ते आता बाहेरून पूर्ण करतोय. आणि प्रमाणपत्राचं आधी विचारून घ्या. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगावला आणि धाराशिवला अशा दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा एकाच महिन्यात झाल्या, संघटनांच्या वादामुळे. घाम दोन्हीकडे सारखाच गाळावा लागतो. कुठला कागद नोकरीत धरतात हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

माझा गुडघा पुण्यातल्या स्पर्धेनंतर चार महिन्यांनी गेला. लिगामेंट. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. फक्त गुडघ्यात "टक्" झाल्यावर त्याच आठवड्यात मैदान घेऊ नका. मी घेतलं होतं.

धाकटा भाऊ आता 92 किलोत खेळतो. येत्या चाचणीसाठी त्याची बॅग काल मीच भरली. आधार कार्ड, जन्माचा दाखला, चार फोटो. लाल आणि निळा दोन्ही कॉस्च्युम, कारण कुठला रंग येईल ते आधी सांगता येत नाही. बुटांच्या जास्तीच्या नाड्या. वजन झाल्यावर खायला केळी आणि आईनं केलेले खजुराचे लाडू. संध्याकाळी हौद्यात फक्कीची रेघ पुन्हा मारली, कारण पोरांच्या पायांनी ती चार दिवसांत पुसली होती.