जुन्या लेन्समधलं तेल आणि बुरशी

कॅमेऱ्याच्या लेन्सच्या मागून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. चिकट, रंगीत तवंग दिसला तर फोकसच्या रिंगमधल्या ग्रीसमधून सुटलेलं तेल. काच उघडल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर पुसताना तीच चरे पाडते. तेलाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, बुरशीला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. द्रव थेट काचेवर ओतू नका, लेन्स टिश्यू जेमतेम ओला करून मधून कडेकडे गोल पुसा. कडेचा काळा रंग अल्कोहोलने सुटू शकतो, तिथे जपून. पुसूनही डाग राहिला तर बुरशीने काचेवरचा पातळ थर (कोटिंग) खाल्लाय; घासत बसू नका, फोटोत तो सहसा दिसतही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, हवाबंद डबा आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल वापरा.