एमएक्स-5 लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करताय? या चुका टाळा

माझदाची एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, 1989 साली आली. छप्पर उघडून मजेत फिरावं अशी ही दोन सीटची गाडी. आज अमेरिकेत ‘24 आवर्स ऑफ लेमन्स’सारख्या हौशी शर्यतींत तिची पहिली दोन मॉडेलं, म्हणजे 2005 पर्यंतची, हमखास दिसतात. वजन टनाच्या आसपास, सुटे भाग स्वस्त, इंजिन चिवट. तरीही यातल्या कितीतरी गाड्या अर्ध्यातच पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी) येऊन उभ्या राहतात, आणि बॉनेट उघडलं की कारणं बहुधा तीच ती निघतात.

सुरुवातच चुकते ती पैसा कुठे घालायचा इथे. 1.6 लिटरच्या इंजिनाची ताकद साधारण 115 हॉर्सपॉवर, ती कमी वाटते म्हणून टर्बो बसवतात. ताकद वाढली की उष्णता वाढते, आणि ती रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक अशा सगळ्यांनाच सोसावी लागते. इंजिन कंपनीचंच ठेवा, फक्त त्याची तब्येत तपासा. लीक-डाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते बघतात) प्रत्येक सिलिंडरची गळती 10 टक्क्यांच्या आत हवी, 20 च्या वर गेली तर इंजिन उघडायलाच हवं. गिअर 6,500 आरपीएमला बदला. लॅपमागे थोडा वेळ जातो, पण इंजिन टिकतं.

चौथा सिलिंडर का तापतो

हे नीट समजून घ्या, कारण हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) इथेच जातं. हे इंजिन मुळात माझदा 323 मध्ये आडवं बसायचं. पाणी पुढच्या पंपातून आत यायचं, सगळ्या सिलिंडरांवरून जायचं आणि हेडच्या मागच्या टोकाला थर्मोस्टॅटमधून (तापमानाप्रमाणे उघडणाऱ्या झडपेतून) बाहेर पडायचं. एमएक्स-5 मध्ये इंजिन उभं बसवलं. मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आडवी आली, म्हणून पाणी बाहेर पडायची वाट पुढे आणली. आता पाणी पुढूनच आत येतं आणि पुढूनच बाहेर जातं. मागच्या, चौथ्या सिलिंडरपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. रस्त्यावर हे जाणवत नाही, पण दोन तास सलग पूर्ण थ्रॉटलवर पळवली की जाणवतं. उपाय एकच: थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला न्यायचा, पुढची वाट बंद करायची आणि मागून रेडिएटरपर्यंत नवा पाईप टाकायचा. याचं तयार किट मिळतं. जाडजूड रेडिएटर घेण्याआधी हे करा.

रेडिएटर बदलूनही गाडी तापते, कारण हवा त्यातून न जाता बाजूने निसटते. रात्री रेडिएटरसमोर दिवा धरा आणि इंजिनच्या बाजूने बघा. कडेच्या ज्या फटीतून उजेड दिसेल ती ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फोम लावून बुजवा. खालचा प्लॅस्टिकचा ट्रे ‘उगाच वजन’ म्हणून काढून टाकू नका. त्याच्यामुळेच रेडिएटरमागे हवेचा दाब कमी राहतो आणि हवा आत ओढली जाते.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर तर मुळीच विसंबू नका. तो बराच वेळ मधोमध बसून राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरा गेज लावला तरी एक धोका उरतोच. होज फुटून पाणी वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान उलट कमी दाखवतो. म्हणून कूलंटच्या दाबाचा सेन्सर आणि मोठा लाल दिवा हवाच. दिवा लागला की इंजिन तिथेच बंद करायचं, पिटपर्यंत न्यायचा मोह टाळायचा. बऱ्याच ट्रॅकवर कूलंटमध्ये ग्लायकॉल (अँटिफ्रीझ) चालत नाही, कारण सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक वापरा.

हब आणि नट

रुंद, चिकट टायर लावले की पुढच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगवर मूळ डिझाइनपेक्षा बराच जास्त भार येतो. बेअरिंग गुरगुरायला लागलं तरी शर्यतीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. दर शर्यतीनंतर गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. जरासाही प्ले (ढिलेपणा) लागला तर हब बदला. स्टड (चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट) आधीच बसवलेला आख्खा हब पिटमध्ये तयार ठेवा.

नव्या रिमवर नट टेकतो तिथे रंग असेल तर तो दबतो आणि नट ढिला पडतो. रंग खरवडून काढा. टॉर्क रेंचने 110 न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या काही लॅपनंतर, चाक गार झाल्यावर, पुन्हा तपासा.

ब्रेक

साध्या डॉट 4 ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत उतरतो. मग पेडल थेट फ्लोअरला टेकतं. ताजा उत्कलनबिंदू 300 अंशांच्या वर असलेलं रेसिंगचं ऑइल घ्या आणि दर शर्यतीआधी सगळं बदला. ब्रेक गार ठेवणाऱ्या हवेसाठी 75 मिलिमीटरचा पाईप आणताना त्याचं तोंड डिस्कच्या मधोमध ठेवा. डिस्कच्या आतल्या पाती हवा तिथूनच खेचतात. हवा एकाच पृष्ठावर मारली तर डिस्कला तडे जातात. पॅड 5-6 मिलिमीटर उरले की बदला, पातळ पॅडमधून उष्णता सरळ ऑइलपर्यंत जाते. आणि पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून धरू नका. तापलेलं पॅड डिस्कवर छाप सोडतं, मग पुढे सगळा वेळ स्टिअरिंग थरथरतं.

पेट्रोल

शर्यतीत ही गाडी ताशी साधारण 23 ते 26 लिटर पिते. सुरुवातीच्या 1.6 लिटर गाडीची टाकी 45 लिटरची म्हणून लोक सरळ भागाकार करतात. पण लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, त्यामुळे तळाचे 8-10 लिटर हिशेबात धरू नका. सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल पुरवणारी छोटी जादा टाकी) लावला तर ते वापरता येतात. सरावात इंजिन पहिल्यांदा अडखळेल ती वेळ लिहून ठेवा आणि त्याच्या दहा मिनिटं आधी ड्रायव्हरला आत बोलवा.

बारीकसारीक

2016 च्या ल मान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या 24 तासांच्या शर्यतीत, आघाडीवर असलेली टोयोटा शेवटची काही मिनिटं उरली असताना मंदावली. दोष निघाला टर्बो आणि इंटरकूलरमधल्या हवेच्या पाईपच्या एका जोडात. कारखान्याच्या टीमवर ही वेळ येते, तर हौशी गाडीतला प्रत्येक होज, क्लॅम्प आणि अर्थिंगची वायर हाताने ओढून बघायलाच हवी. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर आवळल्यानंतर रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. एक्झॉस्टजवळ प्लॅस्टिकचे टाय नकोत, रबर लावलेले धातूचे क्लॅम्प वापरा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा) या गाडीत फार दगा देतो, एक जास्तीचा जवळ ठेवा.

शर्यतीआधी एकदा सलग दोन तास गाडी पळवा. मग ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उलगडा आणि उन्हात धरा. काळपट गाळ चालेल. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय, ते इंजिन शर्यतीला नेऊ नका.